बंद करून राहिली

नागपुरात समुद्राचा अभ्यास करणारी एक कचेरी आहे, असं सांगितलं की लोक हसतात. ऑटोवाला हसतो, बँकेतला माणूस हसतो, लग्नात भेटलेले दूरचे मामा तर पोट धरून हसतात. त्यांना म्हणावं, चंद्राचा अभ्यास करणारे चंद्रावर राहायला जातात का? समुद्राचे आकडे उपग्रहावरून येतात, गणितं पुण्याच्या मोठ्या संगणकावर होतात, आणि माणसं रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर कूलरसमोर बसून ती तपासतात. खाली लोक रक्त द्यायला उपाशीपोटी रांगेत उभे असतात आणि वर अरबी समुद्र फिरत असतो. यात हसण्यासारखं काही नाही.

हसण्यासारखं नसलं तरी लाज वाटण्यासारखं मात्र तिथे एकदा घडलं. ते वैभवीमुळे घडलं.

वैभवी ही या कचेरीतली साहेबांच्या खालोखालची शास्त्रज्ञ. तिचं काम भोवऱ्यांचं. समुद्रातले हे भोवरे नदीतल्यासारखे माणसाला ओढून नेणारे नव्हेत. शंभर-दीडशे किलोमीटर रुंद, महिनोन्‌महिने संथपणे फिरणारे आणि फिरता फिरता समुद्राची उष्णता इकडून तिकडे नेणारे. पन्नास वर्षांनी हवामान कसं असेल हे सांगणारं जे भलंमोठं गणित असतं, त्याला मॉडेल म्हणतात. त्यात सगळ्या समुद्राचे चौकोन पाडलेले असतात. चौकोन मोठे असले की भोवरे त्यातून निसटतात, मोठ्या भोकांच्या चाळणीतून तीळ पडावेत तसे. मग त्यांच्या जागी एक सूत्र बसवतात. भोवऱ्यांनी जे केलं असतं ते हे सूत्र अंदाजाने करतं. कचेरीत सगळे त्याला ‘बदली’ म्हणत, शाळेत रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी बदली बाई येतात तसं. पण चौकोन बारीक केले की खरे भोवरे आपसूक दिसायला लागतात आणि तेव्हा ही बदली न विसरता बंद करावी लागते. नाहीतर ती खऱ्या भोवऱ्यांनाच सपाट करून टाकते.

ही गोष्ट कचेरीतल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सांगितली जाई. सांगायचं काम वैभवीचंच होतं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी विक्रम सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. विक्रम सर म्हणजे कचेरीचे प्रमुख. अस्सल पुणेकर, दिवाळीनंतर नागपूरला आलेले, हुशार, सरळ आणि आपलं ते मराठी समजणारे. त्यांच्या समोर संगणकाचा पडदा होता आणि चेहरा उतरलेला होता.

“हे वाचा,” ते म्हणाले.

मोठा संगणक काम सुरू करताना त्याला कायकाय सांगितलं गेलं, याची नोंद आपल्यापाशी ठेवतो. जानेवारीत त्यांनी मॉडेल चालवलं होतं, त्या मोठ्या रनची ती नोंद होती. तिच्यात लिहिलं होतं, बदली चालू.

वैभवीच्या पाठीवर कूलरचं गार वारं येत होतं, तरी तिला घाम फुटला. त्या एका रनवर सगळं उभं होतं. अरबी समुद्र तापत जाईल तसे त्यातले भोवरे मंदावत जातील, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. सरांनी तो दिल्लीत मोठ्या सभेत मांडला होता, शोधनिबंध छापून आला होता, नागपूरच्या पेपरात वैभवीचा फोटोही आला होता. आणि भोवरे मंदावले नव्हतेच. यांच्याच बदलीने त्यांना दाबून टाकलं होतं.

“पण सूचनांच्या फाइलमध्ये तर बंद आहे,” ती म्हणाली. “मी स्वतः पाहिलंय.”

“फाइलमध्ये बंद आहे, कारण रन सुरू झाल्यावर कोणीतरी ती बदलली. कोणीतरी म्हणजे रोशनीने. बदलल्याची वेळ दिसते, नावही तिचंच आहे.” सरांचा आवाज चढला नाही, पण थरथरला. “आधी विसरली, मग लक्षात आलं, मग गुपचूप बंद करून ठेवली आणि चार महिने मूग गिळून बसली. आपण हिच्या भरवशावर दिल्लीला गेलो! माणसाकडून चूक होते हो, ती मी पोटात घालीन. पण ही लबाडी आहे. तुम्हीही होतात ना त्या दिवशी? फोनवर काय म्हणाली ती? बंद केली, सुरू करा. म्हणाली की नाही?”

“हं,” वैभवी म्हणाली.

हं हा मराठीतला फार सोयीचा उद्गार आहे. त्याचा अर्थ हो असाही होतो, ऐकतेय असाही होतो, आणि पुढे कोणी जाब विचारला तर मी हो कुठे म्हणाले होते असंही म्हणता येतं. विक्रम सरांनी तो हो असा घेतला. वैभवीने घेऊ दिला.

कारण रोशनी तसं म्हणालीच नव्हती, आणि हे रोशनीखेरीज जगात फक्त वैभवीला ठाऊक होतं.

तो संक्रांतीचा दिवस होता. सुट्टी होती, पण मोठ्या संगणकावर त्यांना त्या दिवशीची पाळी मिळाली होती म्हणून सर आणि वैभवी कचेरीत आले होते. रोशनी ही त्यांची पीएचडी करणारी मुलगी. कामठीची, बापाचे दोन पॉवरलूम, रोज शेअर ऑटोने धक्के खात येणारी. सणाची म्हणून ती घरीच लॅपटॉप घेऊन बसली होती. रनची फाइल तयार करणं तिच्याकडे होतं आणि रन लावणं वैभवीकडे. सरांनी तिळगुळाचा डबा उघडून ठेवला होता. वैभवीने स्पीकरवर फोन लावला आणि विचारलं, “रोशनी, बदलीचं काय?” रोशनीच्या मागे गच्चीवर पोरांचा गोंधळ चालला होता, पतंग कापल्याच्या आरोळ्या येत होत्या. त्यातून तिचा आवाज आला.

“हो मॅडम, बदली बंद करून राहिली मी. मग लावा रन.”

“शाबास,” सर म्हणाले. “झालं. लावा.”

आता नागपूरच्या शेंबड्या पोरालाही कळेल की ‘बंद करून राहिली’ म्हणजे बंद करते आहे, अजून व्हायची आहे. आणि ‘मग लावा’ म्हणजे ती झाल्यावर लावा. पण पुण्याच्या कानाला त्यात ‘बंद करून’ एवढंच ऐकू आलं, आणि ‘मग’चा अर्थ ‘तर मग’ असा लागला. सरांची त्यात काही चूक नव्हती. ज्याला जी भाषा येते तीच त्याला ऐकू येते.

वैभवीला मात्र दोन्ही येत होत्या.

ती काटोलकडची. घरची संत्र्याची बाग, आईबाप, चुलते सगळे तिथेच. बारावीपर्यंत ती तिकडच्या बोलीशिवाय दुसरं काही बोलली नव्हती. मग पुण्याला शिकायला गेली आणि होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी म्हणाली, “मले चहा नको.” टेबलावरच्या सगळ्या पोरी हसल्या. दुष्टपणे नव्हे, मजेने. पण वर्षभर तिचं नावच ‘मले’ पडलं. मले आली का, मलेला विचारा. दुसऱ्या वर्षी तिने ते नाव पुसून टाकलं. असं पुसलं की नागपूरला परत येऊन धरमपेठेत घर घेतलं तरी ती कचेरीत, दुकानात, शेजारीपाजारी कुठेच जुनं बोलली नाही. विक्रम सर नवे आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “तुम्ही मूळच्या इथल्याच? बोलण्यावरून वाटत नाही.” ती म्हणाली होती, “आमच्या घरी असं बोलत नाहीत.” सर म्हणाले होते, “तरीच.” त्या ‘तरीच’ने तिला दोन दिवस बरं वाटलं होतं.

घरचा फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलायची. रोशनीचं उलट. तिच्या आईचा फोन आला की सगळ्या कचेरीला कळायचं, कामठीत आज भाजी कोणती.

तर त्या दिवशी वैभवीला कळलं होतं की रोशनीचं अजून व्हायचं आहे. थांबा सर, एवढंच म्हणायचं होतं. पण सरांनी विचारलं असतं, का, ती तर बंद केली म्हणतेय? मग सांगावं लागलं असतं की नाही, आमच्याकडे याचा अर्थ असा होतो. ते ‘आमच्याकडे’ तिला म्हणायचं नव्हतं. आणि तेवढ्यात मनाने एक पळवाट काढून दिली. रन लावला तरी तो लगेच थोडाच सुरू होतो? मोठ्या संगणकावर तासभर तरी रांगेत पडून राहतो. तोवर रोशनी करेलच बंद. तिने रन लावला.

संक्रांतीची सुट्टी होती. रांगेत कोणीच नव्हतं. रन तिथल्या तिथे सुरू झाला, आणि सुरू होतानाच त्याने बदली चालू असलेली फाइल वाचली. रोशनीने आपलं काम नीट पूर्ण केलं, फाइल जपून ठेवली आणि पतंग बघायला गच्चीवर गेली.

पुढे निकाल आले तेव्हा रोशनीनेच विचारलं होतं, “मॅडम, एवढे बारीक चौकोन केले, तरी भोवरे काहून दिसून नाई राहिले?” वैभवीला संक्रांतीचा फोन आठवला. तिने फाइल उघडून पाहिली. बंद असं लिहिलेलं दिसल्यावर तिने सुटकेचा श्वास सोडला आणि रोशनीला म्हणाली, “तोच तर आपला शोध आहे.”

त्या शुक्रवारी सरांच्या केबिनमधून वैभवी बाहेर आली आणि रोशनी आत गेली. दार बंद होतं. बऱ्याच वेळाने रोशनी बाहेर आली ती थेट जिन्यात गेली. वैभवी तिच्यामागे गेली. रोशनी पायरीवर बसून ओढणीने नाक पुसत होती. खालून लॅबमधल्या डेटॉलचा वास येत होता.

“मॅडम, सर म्हणून राहिले मी खोटं बोलली. मी काहून खोटं बोलू? मी फोनवर सांगतलं होतं ना तुमाले? नेमके शब्द मले आता आठवत नाई, पण मी झाल्याबिगर झालं म्हणणारी पोट्टी आहे काय?” तिने वर पाहिलं. “तुम्ही होत्या ना मॅडम. तुमाले तं आठवत असंन.”

वैभवीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खोटा आहे हे तिला ठेवतानाच कळलं.

“सोमवारी मुख्यालयातून वंदना मॅडम चौकशीला येणार आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्यासमोर शांतपणे सगळं सांग. घाबरू नकोस. आणि हे बघ, नीट बोल. ते राहिली-बिहिली नको. शुद्ध बोललं की समोरच्याचा विश्वास बसतो.”

हे ती प्रामाणिकपणे म्हणाली की बेरकीपणाने, हे तिला स्वतःला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. रोशनीने मात्र मोठा आधार मिळाल्यासारखी मान हलवली. “हो मॅडम. सर तसंच चिडतात माह्या बोलण्यावर. मी घरी प्रॅक्टिस करतो. राहिली म्हणूनच नाई.”

सोमवारी रोशनीच्या दोषावर शिक्कामोर्तब झालं असतं की तिची शिष्यवृत्ती गेली असती, पीएचडी गेली असती. त्याहून वाईट म्हणजे लबाड हे नाव कायमचं लागलं असतं. आकड्यांशी लबाडी केलेल्या माणसाला या धंद्यात कोणी पुन्हा दारात उभं करत नाही. वैभवीला हे सगळं माहीत होतं आणि तरी शनिवार गेला. ती सरांना करायला म्हणून फोन उचलायची आणि ठेवायची. एक वाक्य होतं हो! पण त्या वाक्यात तीन गोष्टी कबूल होत होत्या. मला कळलं होतं. रन मी लावला. आणि आमच्या घरी असंच बोलतात. शास्त्रज्ञ बाईला यातली सगळ्यात जड कोणती वाटावी? तिसरी. पहिल्या दोन चुका होत्या, तिसरी ती स्वतः होती. आपल्याला असं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. शामलाबाईंचा फोन म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला.

“काय करून राहिली वं?”

“काही नाही. बसले आहे.”

“बसले आहे? कोनी आलं हाय का घरी?”

“नाही. का?”

“मंग पाहुन्यासारखी काहून बोलून राहिली माह्याशी?”

 फेब्रुवारीत आई राहायला आली होती आणि त्याच आठवड्यात सर जेवायला येणार होते. तेव्हा वैभवीने आईला सांगितलं होतं, तू जरा कमी बोल हं. जिच्या आवाजाने बागेतली माकडं पळतात ती शामलाबाई त्या संध्याकाळी जावयाच्या घरी आल्यासारखी कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात जुळवून बसली होती. वाढू का, बस, एवढं दोनदा बोलली होती. जाताना सर म्हणाले होते, “तुमच्या आई फार शांत आहेत.” वैभवी हसली होती. आई पण हसली होती.

“आई,” वैभवीने विचारलं, “मी तुले म्हटलं, भाकरी करून राहिली मी, मग जेवाले ये, तं तू लगेच येशील का?”

“लगेच येऊन काय करू? तव्याकडे पाहत बसू?” शामलाबाई खळखळून हसल्या. “असं काय इचारतं वं? बरी हाय ना?”

“बरी आहे,” वैभवी म्हणाली आणि फोन ठेवून रडली. रडण्याने काही होत नाही, हे तिला माहीत होतं. सरांना फोन तिने तेव्हाही केला नाही.

सोमवारी वंदना मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी नोंद पाहिली, मग फाइल पाहिली, मग चष्मा काढून रोशनीकडे पाहिलं. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला वैभवी, आणि टोकाला रोशनी. तिने केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. परीक्षेला आल्यासारखी दिसत होती.

“घाबरू नका,” मॅडम म्हणाल्या. “त्या दिवशी फोन आला तेव्हा काय झालं ते सांगा.”

रोशनी ताठ बसली. एकेक शब्द तपासून पुढे ठेवत ती म्हणाली, “मॅडम, त्या वेळी मी बदली बंद केलेली होती. आणि तसे मी त्यांना सांगितले.”

“केलेली होती? म्हणजे फोनवर बोललात तेव्हा ती बंद झालेली होती?”

रोशनी गडबडली. राहिली हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, हे तिने दोन दिवस घोकलं होतं. तो शब्द वगळल्यावर वाक्यात जे उरलं ते तिला सांगायचंच नव्हतं. पण दुसरं काही सापडेना.

“हो... म्हणजे... बंद केलेली होती,” ती पुन्हा म्हणाली.

“मग ही नोंद चालू दाखवते. आणि फाइल नंतर बदललेली दिसते. याचं काय?”

“बघा,” विक्रम सर थकल्या आवाजात म्हणाले.

रोशनीने वैभवीकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार असती तर वैभवीने ती कशीबशी सोसली असती. मला वाचवा असं असतं तरी तिने मान खाली घातली असती, इतकी ती पोचली होती. पण रोशनी तिच्याकडे बाईंकडे बघावं तशी बघत होती. बरोबर बोलली ना मी, मॅडम? शुद्ध होतं ना?

“ती तसं म्हणाली नव्हती,” वैभवी म्हणाली.

सगळे वळले.

“ती म्हणाली होती, बंद करून राहिली मी, मग लावा.”

“तेच ना,” सर म्हणाले.

“नाही सर. आमच्याकडे त्याचा अर्थ, आत्ता करते आहे. झाल्यावर लावा. ती खरं बोलत होती. तिने बंद करायच्या आधी रन लावला गेला आणि ती नंतर आपलं काम पुरं करत होती. फाइल म्हणून नंतरची दिसते.”

“आमच्याकडे?” सरांनी विचारलं. त्यांना पहिल्यांदा तेवढंच ऐकू आलं.

“आमच्याकडे. आमच्या घरी असंच बोलतात. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.”

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, त्याचा पंप खरखरायला लागला होता. वंदना मॅडमनी चष्मा पुन्हा लावला आणि अगदी हळू विचारलं, “म्हणजे तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं?”

वैभवीने तोंड उघडलं. काय म्हणायचं ते ठरवलेलं होतं, मला कळलं होतं. पण इतक्या वर्षांत घट्ट लावून ठेवलेली कडी त्या क्षणी निघाली.

“मले समजलं होतं,” ती म्हणाली. “मले तेव्हाच समजलं होतं. आन् रन मीच लावला.”

कोणी हसलं नाही. होस्टेलमधल्या त्या टेबलावर सगळ्या हसल्या होत्या, तेव्हा वाटली होती ती लाज किती किरकोळ होती, हे तिला आत्ता कळलं. या टेबलावर तिला कोणाच्याच तोंडाकडे बघता येईना.

पुढचं सगळं रीतसर झालं. शोधनिबंध मागे घेतला गेला आणि त्याचं कारण वैभवीच्या नावासकट छापून आलं. पेपरवाल्यांनी ते छापलं नाही, त्यांना भोवऱ्यांचा विसर पडला होता. वैभवीला प्रकल्पाच्या प्रमुखपदावरून काढलं, कामावरून काढलं नाही. सरांनी रोशनीची सगळ्यांसमोर माफी मागितली. वैभवीला ते एवढंच म्हणाले, “एक शब्द बोलला असतात त्या दिवशी.” ती हो म्हणाली.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी संध्याकाळी रोशनी घरी निघाली तेव्हा वैभवीने तिला जिन्यात गाठलं. रोशनी उन्हासाठी तोंडाला ओढणी बांधत होती. फक्त डोळे दिसत होते.

“मॅडम, तुमाले तवाच समजलं होतं?”

“हो वं,” वैभवी म्हणाली. तो ‘वं’ आपसूक आला. यायला उशीर झाला होता.

“आन् शुक्रवारी? मी इथंच बसून रडून राहिली होती, तवा?”

“तवाही.”

“तरी तुम्ही मले शुद्ध बोलाले लावलं.”

 माफ कर, असं वैभवी म्हणाली, पण ते इतकं हळू की तिचं तिलाच ऐकू आलं असेल. रोशनीने ओढणीची गाठ मारली आणि खाली उतरून गेली. कामठीचा ऑटो भरायला लागला होता.

जूनमध्ये पुण्याहून पुन्हा पाळी मिळाली. तोच रन, पहिल्यापासून. या वेळी तिघंही कचेरीत होते. महिनाभरात वैभवीने बोलणं बदललं होतं. मुद्दाम नव्हे, ते आता थांबवत नव्हती एवढंच. सरांनाही नागपुरी कळायला लागलं होतं आणि ते त्याची गंमत करत. त्या दिवशी तेच म्हणाले, “बघा हं रोशनी, केली की करून राहिली, ते आधी सांगा!” ते मोठ्याने हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं.

“झालं का वं, रोशनी?” वैभवीने विचारलं. “बदली बंद केली का?”

रोशनीने खुर्ची वळवली. हात मांडीवर ठेवले.

“हो, मॅडम. मी बदली बंद केलेली आहे. आपण आता रन सुरू करू शकता.”

एकेक न आणि ण जागच्या जागी होता.

“वा!” सर कौतुकाने म्हणाले. “रोशनी, तुमचं मराठी किती सुधारलं!”

“धन्यवाद, सर.”

वैभवीने फाइल स्वतः पुन्हा पाहिली आणि रन लावला. तासाभराने पहिलं चित्र आलं. सोमालियाच्या किनाऱ्यापासून मंगळूरपर्यंत सगळा समुद्र भोवऱ्यांनी भरला होता, लाल, निळे, एकमेकांना ढकलणारे, एकमेकांत शिरणारे. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. वैभवीने आयुष्यभर हेच बघायची वाट पाहिली होती. तिने मागे वळून रोशनीला हाक मारली, “ये वं, पाह्य इकडे!”

पण त्याच वेळी रोशनीचा फोन वाजला. पडद्यावर आईचं नाव होतं. तिने तो लगेच उचलला नाही. “एक मिनिट, मॅडम,” ती म्हणाली, फोन मुठीत धरून उठली आणि बोलायला बाहेर जिन्यात गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं.